कोतवाल बुकातले पणजोबा

घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्याकडे डोळ्यांपुढे कुलवृत्तांत येतो. जाड बांधणीचा, घडीच्या पानांवर वंशवृक्ष छापलेला, कुलदैवत, गोत्र आणि मूळ गाव यांनी सुरू होणारा ग्रंथ. गेल्या शंभर वर्षांत कित्येक घराण्यांनी असे ग्रंथ काढले आणि त्यांमागे माणसांनी आयुष्याची वर्षे घातली. पण ज्या घरात लिहिणारे होते, त्या घराचेच वृत्तांत झाले. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या, साळ्या-कोष्ट्याच्या घरी पणजोबांच्या पलीकडचे नाव कोणाला सांगता येत नाही. ते कुठे लिहिलेलेच नसेल, असे घरचे लोकही धरून चालतात.

तसे नाही. लिहिलेले आहे. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, भूमी अभिलेख खात्याच्या कपाटात, जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत, नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या चोपड्यांत ते आहे. या कागदांतली माणसे पुन्हा त्यांच्या नातवंडांच्या हाती देण्याचे काम आज महाराष्ट्रात गावोगाव चालू आहे. ते करणाऱ्यांत पगारी माणसे थोडी. निवृत्त शिक्षक, बँकेतून सुटलेले कारकून, इतिहासाचे विद्यार्थी, घरकाम आवरून मोडी लिपीच्या वर्गाला जाणाऱ्या गृहिणी अशांचा भरणा अधिक आहे. त्यांना लोक 'मोडीवाले' म्हणतात.

आधी कागद पाहू. सर्वांत जिव्हाळ्याचा म्हणजे गाव नमुना नंबर १४, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. बोलण्यात तिचे नाव कोतवाल बुक. गावात कोणी जन्मले किंवा वारले की पाटलाकडे वर्दी जायची आणि वहीत एक ओळ चढायची. जन्माच्या नोंदीत तारीख, बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी, एवढेच. बाळाचे नाव बहुधा नसते, कारण वर्दी बारशाच्या आधी गेलेली असते. म्हणून आपले आजोबा या वहीत नुसते 'मुलगा' म्हणून भेटतात. ते तेच, हे ठरवायला बापाचे नाव, वर्ष आणि मागच्यापुढच्या भावंडांचा क्रम जुळवावा लागतो. मृत्यूच्या नोंदीत वय आणि रोग असतो: देवी, पटकी, बाळंतपण, गाठीचा ताप. १९१८ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरची पाने जिथे टिकली आहेत, तिथे ओळींची एकदम दाटी होते. ती मानमोडीची साथ. रोगाच्या रकान्यात मात्र बहुतेक ठिकाणी साधा 'ताप' लिहिलेला, कारण या रोगाला वेगळा रकानाच नव्हता. एकाच बापाच्या नावाखाली आठवडाभरात दोन-तीन ओळी दिसल्या की वाचणारा पान उलटायचे थांबतो. घरात पुढे कोणी कधी न उच्चारलेली ही मुले. त्यांच्या असण्याचा दुसरा कुठलाही पुरावा जगात नाही.

या वहीत आडनाव शोधणारा हमखास अडतो. जुन्या नोंदींत माणूस 'रामा बिन लक्ष्मण' असतो, निजामी मुलखात 'रामा वल्द लक्ष्मण'. बाई 'कोंडाबाई कोम सखाराम' किंवा 'सखूबाई भ्रतार गणू' असते. आडनाव घट्ट चिकटले ते पुढे, शाळा आणि कचेऱ्या वाढल्यावर. एका गावात एकाच वेळी तीन 'रामा बिन लक्ष्मण' असू शकतात. मग त्यांतला आपला कोणता? इथे जमीन मदतीला येते. भूमापनाच्या वेळी प्रत्येक शेताला नंबर पडला. जमीन विकली, वाटली किंवा वारसाकडे गेली की हक्क बदलल्याची नोंद फेरफार पत्रकात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये होते. आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घ्यायचा, त्यावरून जुना सर्व्हे नंबर काढायचा आणि त्या नंबराचे फेरफार एकामागून एक मागे वाचत जायचे. प्रत्येक वारस नोंदीत एक पिढी उघडते. 'मयत खातेदार, वारस मुले तीन, पैकी धाकटा अज्ञान, पालनकर्ता आई' अशी ओळ आली की वंशावळीचा एक मजला बांधून झाला. सातबाऱ्यावर नावापुढे दिसणारी 'अ. पा. क.' ही अक्षरे त्याच अज्ञान पालनकर्त्याची. तरुणपणी विधवा झालेल्या कित्येक बायकांचे नाव सरकारदरबारी एवढ्या तीन अक्षरांच्या आधाराने टिकले आहे.

महार वतनाच्या जमिनी असलेल्या घरांना वतनाची आणि इनामाची पत्रके पाहावी लागतात. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली, पण त्याआधीच्या कागदांत हिस्सेदारांची नावे तक्षिमांसह मिळतात. शाळेतले दाखल-खारीज रजिस्टरही मोलाचे. मात्र त्यातली जन्मतारीख डोळे मिटून घेऊ नये. महाराष्ट्रात एका पिढीच्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, तो मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या बेताने घातलेल्या तारखेमुळे. कोतवाल बुक आणि दाखला यांत दोन-चार वर्षांचा फरक निघाला तर त्याने बिचकण्याचे कारण नाही.

आता मोडीविषयी. एकोणिसाव्या शतकातले आणि विसाव्याच्या सुरुवातीचे गावदप्तर बहुतेक मोडीत आहे. मोडी म्हणजे घाईने लिहायची लिपी. आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवत जायचे, हात शक्य तो न उचलता. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत. मौजे, परगणे, राजश्री, बिन असे नेहमीचे शब्द पहिल्या अक्षरावर आटोपतात आणि पुढे संक्षेपाची खूण येते. अक्षर शिकायला काही आठवडे पुरतात, वाचायला वर्षे लागतात. कारण मोडी अक्षरांपेक्षा संदर्भाने वाचली जाते. गावात कोणत्या जाती आहेत, कोणते वतनदार आहेत, शेतांची नावे काय आहेत, हे आधी ठाऊक असेल तर गिचमिडीतून शब्द वर येतो. नसेल तर 'मळई' की 'मळवी' यावर दुपार जाते.

चांगला मोडीवाचक कसा काम करतो ते जवळून पाहण्यासारखे असते. समोरच्या माणसाला हवे ते नाव तो आधी शोधतच नाही. पान वरपासून खालपर्यंत नुसते नजरेखालून घालतो. हा लेखनिक 'स' कसा काढतो, 'र' कुठे वळवतो, कोणत्या अक्षराला शेपूट देतो, हे पाहून घेतो. मग ज्या शब्दाबद्दल शंका नाही असा एखादा शब्द धरतो, बहुधा गावाचे नाव किंवा महिना, आणि त्यातली अक्षरे दाखल्यासारखी वापरून पुढचा शब्द सोडवतो. एक लेखनिक एकदा कळला की त्याची पुढची पन्नास पाने भराभर जातात. कुलकर्णी बदलला की पुन्हा पहिल्यापासून. शंका उरली तर प्रामाणिक वाचक ती नक्कलेत कंस करून तशीच ठेवतो. समोर बसलेल्याचे काम अडलेले असते, त्याला एक ठरावीक शब्द निघायला हवा असतो, आणि तरी कागदावर नसलेला शब्द वाचायचा नाही. या कलेतली सर्वांत अवघड गोष्ट मला हीच वाटते.

तारखांचे एक वेगळेच शास्त्र. पेशवाईतला कागद असेल तर वर्ष अरबी शब्दांत येते: 'समान खमसैन मया व अलफ', म्हणजे आठ, पन्नास, शंभर आणि हजार मिळून ११५८. हा सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७५७-५८ हे इसवी वर्ष निघते, कारण हे साल मृगाला बदलते. मराठवाड्यात फसली सन भेटतो, त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. शके असेल तर ७८ किंवा ७९. मोडीवाल्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर ही कोष्टके लिहिलेली असतात. शिवाय मराठवाड्यातले महसुली दप्तर मोठ्या प्रमाणात उर्दूत आहे. १९४८ पर्यंत तो मुलूख निजामाच्या राज्यात होता. म्हणून तिथल्या माणसाला मोडी आणि उर्दू अशा दोन वाचकांचे पाय धरावे लागतात.

हे मोडीवाले एकाएकी उगवलेले नाहीत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे सोडवत होते आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' १८९८ पासून छापू लागले, तेव्हापासूनची ही परंपरा. १९१० मध्ये त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. पेशवे दफ्तरातल्या रुमालांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली निघाले. मंडळ आणि राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग भरवतात आणि आजचे बरेच वाचक अशा वर्गांतून तयार झाले आहेत. पण त्या थोरांनी शोधला तो बहुतांशी राज्यकर्त्यांचा आणि सरदारांचा इतिहास. मोहिमा, तह, सनदा. पिकांच्या पेरेपत्रकातला आणि कोतवाल बुकातला माणूस त्यांच्या कामाबाहेर राहिला, आणि आजच्या वाचकांना तोच हवा आहे.

हा माणूस लोकांना हवा झाला तो प्रमाणपत्रासाठी, हे मोकळेपणाने मान्य करू. जातीचा दाखला आणि जात पडताळणी यांसाठी ठरावीक तारखेआधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि आधी मराठवाड्यात, मग राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कित्येक वर्षे न सुटलेले गठ्ठे सुटले, लाखो पाने तपासली गेली, मोडी जाणणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलावणी आली. मराठा आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू काहीही असो, एक गोष्ट घडली. ज्यांनी पूर्वी कधी अभिलेख कक्षाची पायरी चढली नव्हती, ते आपल्या खापरपणजोबांचे नाव वाचून घ्यायला रांगेत उभे राहिले. दाखल्यासाठी आलेला माणूस नक्कल हातात पडल्यावर विचारतो, 'याच्या बापाचे नाव कुठे मिळेल?' त्या प्रश्नाचा कुठल्याच कार्यालयाला उपयोग नसतो. तो प्रश्न फक्त त्याचा असतो.

कागद मागे जाईनासा झाला की तीर्थक्षेत्राची वाट धरावी. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर इथल्या उपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी आहेत. तिथे पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा मूळ गावाचा. गाव कळले की त्या गावाचे उपाध्ये कोण ते सांगतात, आणि मग लांबट चोपडा उघडतो. आलेल्या यात्रेकरूने स्वतः, किंवा लिहिता येत नसेल तर उपाध्यायाच्या हातून, बाप, आजा, भाऊ, मुले यांची नावे लिहवलेली असतात. सरकारी कागदात जी गोष्ट जवळजवळ मिळत नाही ती इथे मिळते: आई, आजी, पणजी यांची नावे. पिंड देताना त्यांचाही उच्चार करावा लागतो, म्हणून ती लिहून ठेवली गेली. वंशवृक्षात बायकांच्या फांद्या भरायच्या असतील तर मी तहसीलच्या आधी त्र्यंबकला जायला सांगेन.

आणि त्याच्याही आधी घरातल्या सर्वांत थोरल्या आत्याकडे. सासरी गेलेल्या मुलीला माहेरची माणसे, गावे आणि सोयरिकी जितक्या पाठ असतात तितक्या वारसदार मुलाला नसतात. मोडीवाले अनुभवाने हेच सांगतात: आधी आत्याला विचारा, ती सांगेल ती गावे लिहून आणा, मग कागद पाहू.

दक्षिणेकडे, कोल्हापूर-सांगली आणि सीमाभागात, हेळवी आहेत. बैलावर बसून ठरावीक घरी यायचे, त्या घराच्या पिढ्या म्हणून दाखवायच्या, नवी नावे चोपडीत घालायची आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचे, हे त्यांचे पिढीजात काम. शेतकऱ्यांच्या घरांचा जो इतिहास कोणी ग्रंथात घातला नाही, तो या फिरत्या माणसांनी राखला. अशा नोंदी छायाचित्रे काढून जपायला हव्यात, आणि तेही हेळव्यांचा हक्क आणि बिदागी राखून, कारण ती त्यांची मिळकत आहे.

या सगळ्या कामात एक भोक आहे आणि ते मोठे आहे. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, जे एका गावात पाऊसकाळ काढून दुसऱ्या गावी जात, त्यांची कोतवाल बुकात वर्दी कोण देणार? भटक्या जमातींच्या माणसाकडे कायदा १९६१ च्या आधीचा कागद मागतो, आणि त्याचा आजा तर पालात जन्मलेला. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांच्या नोंदी मात्र सरकारने कसोशीने ठेवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड माणसांची हजेरी घेतली जाई. १९५२ मध्ये तो शिक्का निघाला. पण आज त्या घरातला तरुण वंशावळ शोधायला निघाला, तर आजोबांचे नाव त्याला पोलिसांच्या हजेरीबुकातच सापडण्याचा संभव अधिक. मोडीवाल्यांनी आपले कसब आता या दप्तरांकडे वळवावे असे मला फार वाटते. कुणबी नोंदींसाठी जसे गठ्ठे सोडले, तशी हजेरीची, सेटलमेंटच्या शाळांची आणि तिथल्या कामगारांची रजिस्टरे शोधून तालुकावार याद्या लावाव्यात. तरुण वाचक आज वर्गांतून तयार होत आहेत आणि त्यांना काम हवे आहे. ते इथे पडलेले आहे.