निकालात पुढे, आयआयटीत मागे

राज्य मंडळाच्या २०२५च्या दहावीत ९६.१४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे ९२.३१ टक्के. अंधेरीतल्या क्लासवाल्यांना यात नवल वाटत नाही, दरवर्षीचंच आहे. मुली जास्त हुशार असतात का? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डकवर्थ आणि सेलिगमन यांनी आठवीच्या मुलामुलींवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. वर्गातल्या गुणांत मुली सरस होत्या, बुद्ध्यांक चाचणीत मात्र ती आघाडी दिसली नाही. गुणांमागे होती स्वयंशिस्त: कंटाळा आला तरी गृहपाठ पुरा करणं.

मग शेजारच्या पवईत, आयआयटीत, २०१८पासून मुलींसाठी जादा जागा का काढाव्या लागल्या? जेईईच्या क्लासची लाखांतली फी आणि रात्री उशिरा सुटणारी बॅच घरात आधी कोणाच्या वाट्याला येते, तेही मोजायला हवं.