मैलापाण्याचे विरजण

आम्हां वैद्यकीय मंडळींचे जंतूंशी नाते मुख्यतः वैराचे. माझीच तीसएक वर्षे सूक्ष्मजंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. जंतू ओळखावा आणि तो कोणत्या औषधाने मरेल ते कळवावे, एवढेच काम. निवृत्तीनंतर एका अभियंता स्नेह्यांसमवेत इंदूरचे कबीटखेडीचे मैलाशुद्धीकरण केंद्र पाहिले. जंतूंच्या भुकेची व श्वासाची अहोरात्र काळजी वाहणारी माणसे तेथे प्रथमच भेटली.

मैलापाण्यातील सेंद्रिय द्रव्य हे जंतूंचे अन्न. ते तसेच नदीत सोडले, तर नदीतील जंतू त्यावर तुटून पडतात, पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरून मरतात. या भुकेचे माप म्हणजे ‘बीओडी’. इंग्लंडमध्ये ते २० अंश तापमानाला पाच दिवसांत मोजण्याची पद्धत पडली. आपल्याकडे २७ अंशांना तीनच दिवस पुरतात. उष्ण देशातील जंतू चपळ, दुसरे काय!

नदीत जे घडते, तेच टाकीत थोड्या वेळात घडवून आणायचे. हे साधले मँचेस्टरला. तेथील डेव्हीह्यूमच्या प्रयोगशाळेत आर्डर्न व लॉकेट यांनी बाटलीतील मैलापाण्यात हवा सोडत ठेवली. पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचे निवळ काढून घेतले, तळचा गाळ मात्र टाकला नाही. त्यावरच नवे मैलापाणी ओतले. असे पुनःपुन्हा केल्यावर आठवड्यांचे काम तासांवर आले. एप्रिल १९१४ मध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला व त्या गाळाला ‘सक्रिय गाळ’ असे नाव दिले. आपल्या घरातील कोणतीही आजी याला विरजण म्हणाली असती. या कामामागची प्रेरणा ज्यांची, ते गिल्बर्ट फौलर पुढे १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले.

कबीटखेडीचे दररोज २४ कोटी ५० लाख लिटर क्षमतेचे केंद्र याच बाटलीचे विराट रूप आहे. एकाच टाकीत भरणे, हवा देणे, निवळू देणे आणि वरचे पाणी काढणे. विरजण भांड्यातच राहते. जंतू जे खातात त्यातील साधारण निम्मे ऊर्जेसाठी जाळतात, उरलेल्यातून नवी शरीरे घडवतात. म्हणून गाळ वाढतच जातो आणि जादा गाळ नियमाने काढावा लागतो. भरपूर अन्न मिळाले की जंतू सुटे-सुटे पोहतात; उपाशी राहू लागले की एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, आणि पुंजके झाले तरच ते तळाशी बसतात. तंतुमय जंतू माजले, तर गाळ फुगतो, बसतच नाही. तेथील रसायनशास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली मला देठावर डोलणारे घंटेच्या आकाराचे व्हॉर्टिसेला दाखवले. सुटे जंतू गिळणारे हे प्राणी भरपूर दिसले की टाकीची प्रकृती ठीक समजावी. नाडीपरीक्षाच ही!

सर्वांत नाजूक ते अमोनियाचे नायट्रेट करणारे जंतू. त्यांची वाढ अत्यंत मंद. एकदा मेले की संख्या पूर्ववत व्हायला कित्येक दिवस जातात. आणि येथे आपला, म्हणजे रुग्णालयांचा, संबंध येतो. हायपोक्लोराइट, ग्लुटारल्डिहाइड, प्रतिजैविके – जंतू मारण्यासाठीच बनवलेली ही द्रव्ये गटारातून त्या टाकीकडेच जातात. मोठ्या शहराच्या पाण्यात ती विरळ होतात हे खरे. परंतु रुग्णालयाच्या स्वतःच्या छोट्या शुद्धीकरण यंत्रणेत नाही. शिवाय प्रतिजैविकांचे अंश आणि त्यांना न जुमानणारे जंतू एकाच गाळात दाटीने नांदू लागले, की प्रतिरोधाची जनुके एकमेकांना देण्यास याहून सोयीची जागा नाही. हे मला टाकीच्या आजारापेक्षाही गंभीर वाटते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी असे रासायनिक सांडपाणी वेगळे गोळा करून, त्यावर प्रक्रिया करूनच इतर सांडपाण्यात मिसळण्याचे बंधन घातले आहे.

मध्यंतरी एका लहान रुग्णालयात गेलो असता परिचारिका मुदत संपलेली प्रतिजैविकांची सिरपे एकेक करून मोरीत ओतीत होत्या. वर नळ सोडलेला. मी हटकले तेव्हा त्यांनी सरळ विचारले, “मग कुठे टाकू, डॉक्टर?” पिवळी पिशवी त्यांच्या मागेच टांगलेली होती. उरलेल्या बाटल्या आम्ही दोघांनी मिळून तीत भरल्या.