कॅरव्हॅनच्या छपरावर सौर पॅनेल : घाई नको



महाराष्ट्राचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आले. अशा चाकावरच्या घराला वीज हवी, म्हणून छपरावर सौर पॅनेल आलेच. ते बसवायचे कसे?

स्क्रू मारला की पत्र्याला भोक, आणि भोक म्हटलं की गळतीची धास्ती. त्यामुळे पुष्कळ जण पॅनेलला प्लॅस्टिकच्या बैठका लावून त्या पॉलियुरेथेन सीलंटने छपराला चिकटवतात. हा सीलंट हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो, तरी रबरासारखा लवचीक राहतो. खड्ड्यांचे हादरे तो सोसतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सीलंट पत्र्याला नव्हे, पत्र्यावर जे असेल त्याला चिकटतो. धूळ, मेण, सुटता रंग राहिला तर सगळं फुकट. छप्पर धुवून वाळवावे, पॉलिश पेपरने घासावे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, डब्यावर सांगितलेला प्रायमर लावावा. थर सुमारे ३ मिलिमीटर ठेवावा. दाबून पातळ करू नये. पॅनेलखाली हवा खेळती राहू द्यावी, कारण पॅनेल तापले की वीज घटते.

सीलंट कडेकडून आत घट्ट होत जातो, दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर. रुंद बैठकीला म्हणूनच बरेच दिवस लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३० किलो भरतो. सुटलेले पॅनेल मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर जाईल. तेव्हा सीलंट पुरता घट्ट होईतो गाडी रस्त्यावर काढू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.