परक्या गावात मूल रुळते कसे? वळिवडे सांगते

कामधंद्यासाठी उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटकातून कोल्हापुरात कुटुंबे येतात, सोबत मुलेही येतात. शिवाजी पेठेत राहणारे आम्ही शिक्षक अशी मुले नेहमी बघतो. लहानगी खेळता खेळता मराठी शिकतात. अडते ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे. वर्गात बोललेले कळत नाही, विचारायची शरम वाटते, आणि एक दिवस तेच मूल गॅरेजात कामाला लागलेले दिसते.

कोल्हापूरला हा अनुभव नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने पोलंडमधल्या असंख्य कुटुंबांना सैबेरियात हाकलले. त्यातली काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० जण, बहुतेक बायका-मुले, वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे त्यांच्या भाषेच्या शाळा होत्या, चर्च होते, स्काउट पथके होती. मुले इथे वाढली, पण पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेला गेली. त्यातले काही जण म्हातारपणी कोल्हापूर बघायला परत आले.

फाळणीनंतर त्याच वस्तीत सिंधी निर्वासित आले. तेच आजचे गांधीनगर, कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध. घरात सिंधी, गिऱ्हाइकाशी मराठी, असे दोन्ही त्यांनी सांभाळले.

यातला फरक समजून घ्या. पोलिश मुलांना पुढे जायचे होते, त्यांना आपली भाषा पुरली. सिंधी मुलांना इथेच राहायचे होते, म्हणून मराठीही लागली. आज येणारी बरीच मुले राहणारीच आहेत. त्यांची घरची उर्दू किंवा हिंदी सोडवू नका, तिचाच पूल करा. कागद, शाई, खुर्ची, दुकान, वकील हे शब्द त्यांच्या कानावरचेच आहेत. मराठीचा पहिला धडा तिथूनच सुरू करावा.

आता कायद्याचे. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेल्याला विशेष प्रशिक्षण मिळायला हवे. वयाचा पुरावा नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येही नाही.

तुमच्या गल्लीत असे मूल असेल तर जूनची वाट बघू नका. पालकांना सोबत घेऊन जवळच्या शाळेत जा. त्यांना मराठी येत नसेल, तर तेवढ्यापुरते तुम्ही बोला.