बोटाखालून सरकणारी गाठ

आंघोळ करताना हाताला काहीतरी लागतं. बोराएवढं, गुळगुळीत. दाबायला जावं तर बोटाखालून सटकतं. त्या क्षणी विशीतल्या मुलीच्या पोटात गोळा येतो, आणि बऱ्याचदा ती कुणाला सांगतही नाही. खरं तर या वयातली अशी गाठ बहुतेक वेळा फायब्रोअॅडिनोमा असते, कॅन्सर नव्हे. तिच्या सटकण्यावरून इंग्रजी बोलणारे डॉक्टर तिला ‘स्तनातला उंदीर’ म्हणतात!

ती सटकते, कारण ती शेजारच्या पेशींत घुसत नाही. त्यांना बाजूला सारून वाढते. तिच्यात परकं असं काही नसतं. दूधनलिकांच्या अस्तराच्या पेशी आणि त्यांना आधार देणारे तंतू, म्हणजे स्तनाचाच माल. म्हणून ती इस्ट्रोजेनचं ऐकते. गरोदरपणात फुगते, अंगावर पाजण्याच्या दिवसांत तिच्यात दूधही तयार होऊ शकतं. २०१४ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी अशा ९८ गाठी तपासल्या, तेव्हा ५८ गाठींत एमईडी१२ या एकाच जनुकात बदल सापडला. गर्भाशयातल्या फायब्रॉइडमध्येही हाच जनुक बदललेला आढळतो. दोन वेगळे अवयव, आणि गाठ बांधण्याची रीत एक!

पण निदान बोटांवर सोडू नये. नवी गाठ लागली की सर्जनला दाखवावी. सोनोग्राफीत पाण्याची गाठ काळी दिसते, कारण पाण्यातून प्रतिध्वनी येत नाही. फायब्रोअॅडिनोमा करडी, लंबगोल आणि आडवी पहुडलेली दिसते. रुंदीपेक्षा उंची जास्त असलेली, ‘उभी’ गाठ डॉक्टरांना खटकते. चाळिशीनंतर मॅमोग्राफीही करतात. शंका असेल तर सुईने तुकडा काढतात. सुई लावली की गाठ पसरते, ही भीती घराघरांत आहे. तिच्यापायी तपासणी टाळलेली पाहून जीव तुटतो, कारण साध्या गाठीचा सुईने कॅन्सर होत नाही.

निदान पक्कं झालं की बहुतेक गाठी काढाव्या लागत नाहीत; काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून नजर ठेवतात. भरभर वाढली, फार मोठी झाली किंवा शंका राहिलीच, तर काढतात.

न काढलेली गाठ पाळी गेल्यावर हळूहळू आक्रसते. कधी तिच्यात कॅल्शियम साचतं. मग साठीतल्या बाईच्या मॅमोग्रामवर पांढरे, फुललेले ठिपके उमटतात, हुबेहूब मक्याच्या लाह्यांसारखे. विशीत बोटाखालून पळालेलं ते बोर असतं.