ईस्ट, द
ईस्ट, द : जहाल पर्यावरणवाद्यांच्या गुप्त गटात हेर म्हणून शिरलेल्या तरुणीची कथा सांगणारा अमेरिकन थरारपट (२०१३). दिग्दर्शक झाल बाटमंगलिज. पटकथा त्याची व अभिनेत्री ब्रिट मार्लिंग हिची असून नायिकेची भूमिकाही तिनेच केली आहे. जानेवारी २०१३ मध्ये सनडान्स महोत्सवात तो प्रथम दाखविण्यात आला. २००९ च्या उन्हाळ्यात हे दोघे, फेकून दिलेल्या अन्नावर गुजराण करणाऱ्या तरुणांच्या गटांबरोबर राहिले होते. चित्रपटातील गटाची राहणी खरी वाटते ती त्यामुळेच.

नायिका जेन ही सरकारी हेर नसून, मोठ्या उद्योगांना संरक्षण विकणाऱ्या एका खाजगी संस्थेची नोकर आहे. ‘सारा’ ह्या नावाने ती ‘द ईस्ट’ ह्या गटात प्रवेश मिळविते. पहिल्याच भोजनप्रसंगी सर्वांचे हात बांधलेले असतात व प्रत्येकापुढे सूपाचा वाडगा असतो. ती वाकून स्वतःचा वाडगा रिता करते. इतर मात्र तोंडात चमचा धरून एकमेकांना भरवितात. कोणत्याही संवादाविना तिचा परकेपणा येथे उघड होतो. गटाची न्यायाची कल्पना जशास तशी आहे. तेलकंपनीच्या प्रमुखाच्या घरात खनिज तेल सोडले जाते, तर घातक दुष्परिणाम असलेले प्रतिजैविक विकणाऱ्या कंपनीच्या मेजवानीत तेच औषध पाहुण्यांच्या मद्यात मिसळले जाते. ह्या बेताची सूचना जेन आपल्या वरिष्ठांना देते. परंतु ती कंपनी संस्थेची ग्राहक नसल्याने तिला हस्तक्षेप करू दिला जात नाही. चित्रपटाचा खरा मर्मबिंदू हाच होय. येथून तिची निष्ठा ढळू लागते. तथापि सूडाचा मार्गही ती स्वीकारीत नाही. गटाचा नेता बेंजी (अलेक्झांडर स्कार्सगार्ड) सर्व हेरांची नावे जाहीर करू पाहतो, तेव्हा ती त्याची साथ सोडते आणि त्या हेरांना स्वतः भेटून त्यांचे मन वळविण्याचा प्रयत्न करते. हा शेवट काहीसा घाईने उरकल्यासारखा वाटतो.

वास्तवाशी तुलना करता एक भेद ध्यानात येतो. ‘अर्थ लिबरेशन फ्रंट’ ह्या नावाने अमेरिकेत झालेल्या कृत्यांचा (उदा., १९९८ मधील कोलोरॅडोतील व्हेल येथील जाळपोळ) रोख मालमत्तेवर होता; माणसांच्या शरीरावर सूड उगविणे ही चित्रपटकारांची कल्पना. हेरगिरीचा भाग मात्र कल्पित नाही. मार्क केनेडी हा ब्रिटिश पोलीस अधिकारी सुमारे सात वर्षे पर्यावरणवाद्यांत खोट्या नावाने वावरला. २०१० मध्ये त्याचे बिंग फुटले आणि २०११ मध्ये रॅटक्लिफ वीजकेंद्रासंबंधीचा सहा निदर्शकांवरील खटला कोसळला. अमेरिकेत एरिक मॅकडेव्हिड ह्या तरुणाला २००८ मध्ये घातपाताच्या कटाबद्दल जवळजवळ २० वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या गटातील एक तरुणी केंद्रीय अन्वेषण खात्याची पगारी खबरी होती व तिच्यावर त्याचे प्रेम जडले होते. त्यासंबंधीची पत्रे बचावपक्षाला दिली गेली नव्हती, हे पुढे उघडकीस आले. कमी गंभीर गुन्ह्याची कबुली घेऊन जानेवारी २०१५ मध्ये त्याची सुटका करण्यात आली; तोवर तो नऊ वर्षे तुरुंगात होता.