बांबूची तुळई जळण्याआधीच कमजोर होते

बंगळुरू विमानतळाच्या टर्मिनल २ मध्ये छताकडे पाहिलंत, तर इंजिनिअर्ड बांबूच, म्हणजे पट्ट्या गोंदाने जोडून बनवलेला बांबू, दिसतो. माद्रिदच्या बाराहास विमानतळाचं लाटेसारखं छतही बांबूच्या पट्ट्यांनी मढवलेलं आहे. मला हे साहित्य मनापासून आवडतं. पण छत मढवणं वेगळं आणि भार पेलणारी तुळई म्हणून वापरणं वेगळं.

आगीचा विचार करताना आपण 'पेट कधी घेईल' एवढंच विचारतो. बांबूचा कोळसा व्हायला साधारण ३०० अंश सेल्सिअस लागतात. ताकद मात्र त्याच्या बरीच आधी, २०० अंशांपर्यंतच खूप घटलेली असते. तुलनेसाठी, पोलादाची ताकद निम्म्यावर येते ती ६०० अंशांच्या आसपास.

कारण बांबूच्या घडणीतच आहे. सेल्युलोजचे लांब तंतू ताण घेतात आणि लिग्निन त्यांना धरून ठेवतं. तापल्यावर लिग्निन मऊ पडतं, आधार सुटलेले तंतू दाबाखाली वाकतात. म्हणून ताण सोसण्याच्या क्षमतेपेक्षा दाब सोसण्याची क्षमता लवकर ढासळते. खांब दाबच पेलतात, म्हणून त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं!

त्यात भर पट्ट्या जोडणाऱ्या गोंदाची. फिनॉलिक गोंद उष्णतेत बराच टिकतो, पांढरा पीव्हीए गोंद लवकर ढिला पडतो.

जाड तुळईला मात्र आगीत एक फायदा असतो: बाहेर जमलेला कोळशाचा थर आतल्या भागाला उष्णतेपासून वाचवतो.

भार पेलण्यासाठी बांबू घेताना गोंद कोणता आणि चढ्या तापमानातली चाचणी झाली आहे का, हे विक्रेत्याला नक्की विचारा.